खड्ड्यावरची लाल गाडी

क्लच प्लेटवरच्या रिव्हेटांची डोकी चकचकीत दिसत होती. तशी ती दिसायला नको असतात. नव्या प्लेटवर ती लायनिंगच्या आत दीडएक मिलिमीटर खोल बसलेली असतात, आणि गाडीच्या मालकाला त्यांचं तोंडही कधी पाहावं लागत नाही. शिफाने प्लेट फडक्याने पुसली, व्हर्निअर लावला, प्लेट फिरवून पुन्हा लावला. लायनिंग आणि रिव्हेट एका पातळीत आले होते. एका बाजूला तर रिव्हेटच वर होते. त्यांनी फ्लायव्हीलवर गोल चरे पाडले होते आणि चऱ्यांच्या कडेने निळे डाग उमटले होते. लोखंडावर तो निळा यायला ते तीनशे अंशांच्या आसपास तापावं लागतं, हे तिला कॉलेजात शिकवलं होतं. आणि तेवढं तापवायला क्लचवरचा पाय न उचलता गाडी चढावर रेटावी लागते, हे तिला अब्बांनी शिकवलं होतं.

“शिफाबाय,” गाडीखालच्या खड्ड्यातून भागोजी म्हणाला, “ही पलेट नाय, भाजलेला पापड हाय. पाव्हण्यान् गाडी चालवलान की भट्टी लावलान?”

“पाहुणा कसला, भागोजी? तुमचे जावई ते.”

“माजे कशाला? कमालभायचे. माजा जावई सायकलीवरना येतो. पन येतो.”

शिफाने प्लेट बाकावर उताणी ठेवली आणि तिच्याकडे बघत राहिली. शत्रूच्या घरातली एखादी वस्तू हाती लागावी आणि ती नेमकी कशी वापरायची ते माणसाला सुचू नये, तसं तिचं झालं होतं.

गाडी लाल होती, जपानी, दोन सीटांची, आणि इतकी बुटकी की तिच्यात बसणारा माणूस रस्त्यावरच्या कुत्र्याशी डोळ्याला डोळा भिडवू शकला असता. उमेर परकारने ती दुबईहून रजेवर येताच मुंबईत घेतली होती. त्याच्याआधी तिचे किती मालक झाले ते देव जाणे. मित्रांना दाखवायला म्हणून तो ती केळशीहून रत्नागिरीकडे आणत होता, तोच निवळीच्या घाटात इंजिन नुसतं ओरडायला लागलं आणि चाकं ढिम्म. टेम्पोला दोर बांधून गाडी हातखंब्याच्या तिठ्यापर्यंत आली. तिठ्यावर गॅरेजं पुष्कळ, पण सगळी ट्रकवाल्यांची. असली नाजूक गाडी खड्ड्यावर घेऊन तिचा गिअरबॉक्स उतरवणारं गॅरेज एकच, कमाल मुकादमांचं. आणि कमाल मुकादम उमेरचे सासरे.

शिफाचा आणि त्याचा निकाह झाला त्याला सहा वर्षं झाली होती. पैकी सव्वा महिना तो तिच्याबरोबर राहिला. मग तो दुबईला गेला आणि ती केळशीत सासू-सासऱ्यांपाशी राहिली. “व्हिसाचं होतंय,” तो फोनवर म्हणायचा. “कागद चाललेत. थोडा सबर कर.” सासू अंथरुणाला खिळली तेव्हा तिचं सगळं शिफाने केलं, शेवटचं पाणीही तिनेच पाजलं. दफन झाल्यावर उमेर आला, आठवडाभर लोकांत बसला, बायकोशी धड चार वाक्यं न बोलता परत गेला. पुढे फोन विरळ झाले, मग थांबले. एक दिवस कमालभाई जीप घेऊन गेले आणि पोरीला चार दिवस माहेरी म्हणून घेऊन आले. ते चार दिवस अजून संपले नव्हते.

फिजिक्समध्ये बी.एस्सी. झालेली ही मुलगी मग गॅरेजात उतरली. आधी पार्टांची मापं घ्यायला, मग हळूहळू इंजिनं खोलायला. सुरुवातीला ट्रकवाले टकामका बघायचे. पुढे तेच विचारायला लागले, “ताई आहेत का? त्यांच्याच हातून करून द्या.”

मोकळं होण्याची वाट तिला ठाऊक होती. रत्नागिरीतल्या एका वकीलबाईंनी तिला स्वच्छ सांगितलं होतं की नवऱ्याने दोन वर्षं पोसलं नाही, तीन वर्षं संसार केला नाही, तर बायको कोर्टातून निकाह मोडून घेऊ शकते. नवऱ्याची हो किंवा नाही तिथे कोणी विचारत नाही. शिफा त्या दिवशी घरी येऊन हे सांगणार होती. पण कमालभाईंनी तिचा चेहरा बघूनच ओळखलं आणि तिचा हात धरला. “माझ्या डोळ्यांदेखत कोर्टाची पायरी नको, बाय. जमातीत अर्ज देऊ. चार माणसं त्याला समजावतील.” जमातीचे हाजीसाहेब भले माणूस. त्यांनी उमेरला निरोप धाडले. उमेरचं उत्तर एकच, रजा नाही. आणि शिफाने मनात घेतलेला निर्णय मनातच राहिला. तो तिने आजवर एकदाही तोंडाने उच्चारला नव्हता.

आता त्याला रजा मिळाली होती आणि त्याची गाडी तिच्या खड्ड्यावर होती.

रत्नागिरीत मित्राकडे उतरलेला उमेर दुसऱ्या दिवशी आला. पांढरे बूट, काळा चष्मा, अत्तराचा वास आधी आणि माणूस मागून.

“अस्सलामु अलैकुम, मामू. आपलंच गॅरेज, म्हणून गाडी बिनघोर सोडली बघा.”

“वालैकुम अस्सलाम, उमेरमियाँ. या, बसा,” कमालभाई गडबडीने उठले आणि गॅरेजातली एकुलती एक खुर्ची त्यांनी स्वतःच्या खांद्यावरच्या फडक्याने पुसली. शिफाला ते बघवलं नाही. ट्रकवाल्यांना दरडावणारा तिचा बाप जावयासमोर असा वाकलेला तिने पहिल्यांदाच पाहिला.

उमेर तिच्याकडे वळला. तीन वर्षांनी तो तिच्याशी जे पहिलं वाक्य बोलला ते असं, “काय गो, किती दिवस लागतील?”

तिच्याजवळ दोन उत्तरं होती. एक खरं आणि एक शिवीचं. दोन्ही ओठांपर्यंत आली आणि त्यांच्याआधी तिसरंच बाहेर पडलं.

“होतंय,” ती म्हणाली. “पार्ट मागवलेत. थोडा सबर करा.”

त्याने मान हलवली. स्वतःचंच वाक्य त्याला ओळखू आलं नाही. पण तिला आलं. कच्च्या कैरीला मीठ लावून पहिला दात रोवावा तसं काहीतरी तिच्या जिभेवर फुटलं, आणि या माणसाचं काय करायचं ते तिला त्या क्षणी समजलं.

“फक्त एक लक्षात ठेव,” तो म्हणाला. “धाकट्याचं, नबीलचं लग्न आलंय. नवरदेव याच गाडीतून जाणार. सगळ्या केळशीला सांगून ठेवलंय मी.”

“असं?” शिफा म्हणाली. “मग तर घाईच करायला हवी.”

खरं सांगायचं तर तिने घाई केलीही. खोटं काम तिच्या हातून होत नसे. प्लेट तिने नवं लायनिंग मारून घ्यायला कोल्हापूरला पाठवली. फ्लायव्हील एमआयडीसीतल्या लेथवर नेऊन त्याचे चरे आणि निळे डाग निघेपर्यंत जेमतेम घासून आणलं, केसभरही जास्त नाही. इंजिनाच्या मागच्या सीलमधून तेल पाझरत होतं. ते तसंच ठेवलं असतं तर नवी प्लेटही तेलाने भिजून घसरली असती, म्हणून सील बदललं. राहिलं रिलीज बेअरिंग, म्हणजे क्लच दाबला की प्रेशर प्लेटवर जाऊन टेकतं ते. जुनं हातात धरून फिरवलं की दळण दळल्यासारखं खरखरायचं. या गाडीचं बेअरिंग मुंबईतही सहज मिळालं नसतं. शिफाने त्याचा आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी मोजली, आणि रत्नागिरीच्या दुकानात दुपारभर खोकी उघडून अगदी त्याच मापाचं, दुसऱ्याच एका गाडीचं बेअरिंग शोधून काढलं. कोल्हापूरहून प्लेट आली त्या दिवशी सगळं सामान जमलं होतं. एका दिवसाचं काम उरलं होतं.

बेअरिंग तिने मेणकागदात गुंडाळून टेबलाच्या खणात ठेवलं आणि खणाला कुलूप लावलं.

“आलं का?” उमेर विचारी.

“निघालंय.”

“कुठून निघालंय?”

“मुंबईहून.”

“मग एवढा वेळ? मुंबई काय अमेरिकेत आहे?”

“कागद चाललेत.”

“बेअरिंगला कसले कागद?”

“जपानी आहे ना. परदेशातलं म्हटलं की कागद आलेच. हे तुम्हाला मी काय सांगू?”

खड्ड्यात भागोजीला ठसका लागला. बराच वेळ तो खोकत राहिला.

एकदा उमेर चिडला. “दुसरीकडे नेतो मी गाडी!”

“न्या की. टेम्पो बोलवा. गिअरबॉक्स गोणपाटात बांधून देते, स्क्रू डब्यात घालून देते. त्यातला एखादा कमी निघाला तर मात्र मला फोन करू नका. फोन कधी लागतो, कधी लागत नाही.”

तो खुर्चीवर बसला आणि चष्मा पुसायला लागला. शिफाने पान्याला तेल लावलं. वाट बघणाऱ्या माणसाचा चेहरा कसा होतो ते तिला पाठ होतं. केळशीच्या घरातल्या आरशात तिने तो रोज पाहिला होता. आधी त्यात आशा असते, मग हिशेब, मग संशय, आणि मग सगळं सोडून एक केविलवाणा समजूतदारपणा येतो. उमेरचा चेहरा तिच्या डोळ्यांसमोर त्याच क्रमाने उतरत होता. ती प्रयोगशाळेत तापमान बघावं तसं त्याच्याकडे बघायची आणि रात्री तिला गाढ झोप लागायची.

लग्नाचा दिवस आला आणि गेला. लाल गाडी खड्ड्यावर लोखंडी घोड्यांवर उभी होती, तिची आतडी बाकावर मांडलेली. केळशीला जाऊन आलेल्या टेम्पोवाल्याने भागोजीला बातमी दिली आणि भागोजी ती सांगायला धावतच आला.

“शिफाबाय, नवरदेव जीपमदना गेला! आनि जीप चढणीवर बंद पडली. मंग ती कुनी ढकललान, वळखा!”

“कोणी?”

“उमेरमियाँनी! पांढऱ्या शेरवानीत! एका पोरान् विचारलान म्हने, चाचा, तुमची ती लाल गाडी हीच का?”

शिफा हसली. बाकाला धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. गॅरेजला लागूनच त्यांचं घर. स्वयंपाकघरात तिची आई फातिमा तांदूळ निवडत होती. तिने ते हसू ऐकलं आणि सूप खाली ठेवलं. पोरीचं हसू तिने कित्येक दिवसांत ऐकलं नव्हतं. जावई यायला लागला आणि पोर हसायला लागली, एवढाच अर्थ आईने लावला, आणि तो लावून ती मनातल्या मनात दुआ मागायला लागली.

इथेच शिफाचं गणित चुकलं होतं. तिने एक पद धरलंच नव्हतं.

उमेर गाडीची चौकशी करायला येई तो जेवणाच्या सुमारास. दारात आलेला जावई उपाशी जात नाही, ही या किनाऱ्याची रीत. फातिमा कधी हलवा मासळीचं सालन करायची, कधी फणसाच्या रसाची सांदणं उकडायची, आणि उमेर मांडी घालून, ‘मामी, तुमच्या हाताला तोड नाही’ म्हणत ताट स्वच्छ करायचा. पण याच रीतीला दुसरी बाजू होती. नवरा-बायकोचा तंटा जमातीपुढे असेतो जावई सासरच्या ताटात हात घालत नाही. त्याने घातला आणि सासऱ्याने घालू दिला, तर तंटा मिटला. त्याला कागद लागत नाही, साक्ष लागत नाही; गाव बघत असतं तेवढं पुरतं. शिफाला ही रीत लहानपणापासून माहीत होती. पण ती त्याचे फुकट गेलेले दिवस मोजत बसली आणि त्याची जेवणं मोजायची विसरली.

हाजीसाहेब आले ते मिठाईचा पुडा घेऊनच.

“मुबारक हो, कमाल. उमेर तुझ्या दस्तरखानावर रोज बसतोय, सगळ्यांनी पाहिलंय. अल्लाचं करणं. अर्ज मी काढून टाकला.”

कमालभाईंनी काही म्हणण्याआधी ते पुढे बोलले, “शुक्रवारी तो तिला घेऊन जाईल. जुम्याची नमाज झाली की मी स्वतः येईन. चार घास एकत्र खाऊ आणि पोरीला निरोप देऊ.”

शिफा चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. “कुठे घेऊन जाईल, हाजीसाहेब?”

“कुठे म्हणजे? केळशीला. तुझ्या सासऱ्याला अर्धांग झालंय, ठाऊक नाही? नबील नि त्याची बायको मुंबईला निघाली. घरात माणूस नको?”

“आणि दुबई?”

“व्हिसाचं होतंय म्हणतो तो.” हाजीसाहेबांनी मायेने तिच्याकडे बघितलं. “थोडा सबर कर, बेटी.”

तिने ट्रे खाली ठेवला आणि ती गॅरेजात गेली. आत घरात फातिमाने ट्रंक ओढल्याचा आवाज आला. ती लेकीचे लग्नातले कपडे ऊन दाखवायला काढत होती.

शिफाने खण उघडला. मेणकागदातलं बेअरिंग हातात घेतलं. मागून अब्बांचा आवाज आला.

“ते आठवड्यापूर्वी आलंय. मी पाहिलं.”

ती वळली नाही.

“खणाची दुसरी किल्ली माझ्याकडे असते, बाय. विसरलीस?” कमालभाई बाकावर टेकले. “या गॅरेजात गाडी पार्टासाठी पडून राहिली असेल, पावसापायी राहिली असेल. खोट्यापायी कधी राहिली नव्हती. गिऱ्हाईकाला खोटं सांगितलंस तू.”

“हो.”

“का?”

“त्याला कळावं म्हणून.”

“कळलं त्याला?”

तिने विचार केला. तिची सवय होती ती. विचारलेल्या प्रश्नाचं खरं उत्तर शोधायची. “नाही,” ती म्हणाली. “त्याला वाटतं बेअरिंगच उशिरा येतंय.”

“मग?”

“मग काय, अब्बा? तुमच्या खड्ड्यावर गाडी चार दिवस जास्त राहिली तर तुम्हाला लाज वाटते. मी तुमच्या अंगणात तीन वर्षं पडून आहे. माझा कुठला पार्ट यायचाय?”

बाहेर एक ट्रक हॉर्न वाजवत गोव्याकडे गेला. कमालभाई उठले, तिच्या हातातलं बेअरिंग घेऊन त्यांनी ते दोन बोटांत धरून फिरवलं, कानाशी नेलं. आवाज नव्हता.

“चांगलं शोधलंस,” ते म्हणाले. “उद्या बसव. शुक्रवारच्या आत गाडी उभी राहू दे.”

शिफाने आणि भागोजीने गुरुवारी सकाळी काम धरलं. नवी लायनिंग मारलेली प्लेट तिने कडांना धरून उचलली, कारण तिच्या तोंडावर बोटाचाही डाग पडू द्यायचा नसतो. हाताशीच ग्रीसचा डबा उघडा होता. बेअरिंगच्या सरकत्या नळीला लावायला एक बोटभर ग्रीस तिने घेतलं आणि तिचा हात थांबला.

हे एवढंसं ग्रीस. प्लेटवर पुसलं तर कोणाला दिसणारही नाही. इथून गाडी मजेत निघेल, सपाटीवर बिनबोभाट धावेल आणि घाटात प्लेट तापली की ग्रीस पातळ होऊन पसरेल. घर्षण किती कमी होईल याचा आकडासुद्धा तिने मनात मांडला. मागे ट्रक, पुढे चढ, आणि गाडी मागे सरकायला लागलेली. उमेरचा तेव्हाचा चेहरा तिला लख्ख दिसला. तो चेहरा बघण्यात तिला सुख झालं, आणि त्या सुखाला तिने नावं ठेवली नाहीत.

“शिफाबाय,” भागोजी खालून हळूच म्हणाला. तिच्या बोटाकडे तो केव्हाचा बघत होता. “लावायचा असंल तर लावा. मी काय बघितला नाय.”

“नको, भागोजी.”

“दया आली?”

“दया कसली. गाडी घाटात बसली तर तो उद्या पुन्हा इथेच येईल. पुन्हा खुर्ची, पुन्हा सांदणं.” तिने ग्रीस नळीवर लावलं, जेवढं हवं तेवढंच, आणि बोट फडक्याला पुसलं. “मला त्याची एक तक्रारसुद्धा या दारात नकोय. शोधून सापडू नये अशी गाडी करून द्यायची.”

प्लेट मध्यावर धरायला लाकडी दांडा घातला, प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे थोडेथोडे आवळत आणले, दांडा काढला, गिअरबॉक्स जॅकवर वर चढवला. पहिल्या खेपेला तो बसला नाही. दुसऱ्या खेपेला भागोजीने हलकेच डोलवला आणि शाफ्ट प्लेटमधून अलगद आत गेला. “गेली गो बाय,” भागोजी म्हणाला.

संध्याकाळी ट्रायलला कमालभाई स्वतः तिच्या शेजारी बसले. दोन सीटांच्या त्या गाडीत बाप-लेकीचे खांदे एकमेकांना घासत होते. निवळीच्या चढावर तिने मुद्दाम गाडी थांबवली, हँडब्रेक लावला आणि चढावरूनच पुन्हा उचलली. ना हिसका, ना वास. गाडी मांजरीसारखी वर निघाली. घाटमाथ्यावर तिने ती कडेला घेतली.

तिने इंजिन बंद केलं.

“हाजीसाहेब रागावतील,” कमालभाई एकदम म्हणाले. समोरच्या काचेतून ते दरीकडे बघत होते.

शिफाने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं.

“रागावू देत,” ते म्हणाले. “वळव गाडी. उन्हं कलली.”

शुक्रवारी जुम्याची नमाज झाल्यावर हाजीसाहेब आले, उमेर आला. अंगणात मांडवाच्या सावलीत दस्तरखान अंथरलेलं होतं. लाल गाडी धुऊन-पुसून दारात उभी होती. उमेरने आधी ती पाहिली. आत बसून सुरू केली, पुढे घेतली, मागे घेतली, क्लच दाबून सोडून पाहिला. काही खोड काढता आली नाही म्हणून तो जरा हिरमुसल्यासारखा दिसला.

“शेवटी आलं तर बेअरिंग,” बसता बसता तो म्हणाला. “मामू, तुमच्या पोरीने माझी सगळी रजा खाल्ली. पण झालं ते झालं. शिफा, तुझं सामान आवर. ट्रंक काय या गाडीत मावायची नाही. कपडे घे फक्त. घरी माझ्या अब्बांना रात्रीचं औषध द्यायचं असतं, उशीर नको.”

फातिमाने ताटं आणली. पहिलं हाजीसाहेबांपुढे ठेवलं, दुसरं जावयापुढे. त्यात वाफाळता भात होता, सुरमईचं सालन होतं. उमेरने बाह्या सारल्या आणि ‘बिस्मिल्लाह’ म्हणून हात पुढे केला.

शिफा वाकली आणि तिने ते ताट उचललं.

तिने ते हिसकावलं नाही, आदळलंही नाही. वाढलेलं ताट चुकून दुसऱ्याच्या पुढे गेलं की उचलतात तसं उचललं आणि आपल्या आईच्या हातात दिलं. उमेरचा हात कापडावर तसाच राहिला.

“शिफा गो!” फातिमा पुटपुटली.

“बेटी, हे काय?” हाजीसाहेबांचा आवाज चढला. “कमाल, तुझी पोर काय करतेय, बघतोस ना?”

“बघतोय,” कमालभाई म्हणाले. ते आपल्या जागेवरून हलले नाहीत.

उमेर उभा राहिला. त्याचा चेहरा कानशिलांपर्यंत लाल झाला होता. “हा माझा अपमान आहे. चार माणसांत! हिला काय वाटतं, मी हिला तलाक देईन? कधीच देणार नाही. बस म्हणावं इथेच, केस पांढरे होईतो. आणि तू आपणहून सुटका, खुला मागितलास तर तोही देणार नाही. माझ्या हो शिवाय तुझं काही हलत नाही, कळलं?”

गाडीची किल्ली त्याने बसताना आपल्यापुढे कापडावर ठेवली होती. शिफाने ती त्याच्याकडे थोडी सरकवली. मनात इतकी वर्षं घोळलेली वाक्यं तिला वाटली होती त्यापेक्षा फार कमी निघाली, आणि ती बोलताना तिने त्याला निकाहानंतर पहिल्यांदाच नावाने हाक मारली.

“उमेर, तुझी गाडी नीट झालीय, ती घेऊन जा. मी केळशीला येणार नाही. तुझ्याकडे तलाक मागणार नाही, खुलाही मागणार नाही, कारण तुझी हो मला नकोच आहे. तू बायकोला पोसलं नाहीस, नांदवलं नाहीस, हे मला तुझ्या आणि सगळ्यांच्या समोर सांगायचंय, आणि ते कायम लिहून राहावं अशा ठिकाणी सांगायचंय. हाजीसाहेब, तुम्हीही ऐका. सोमवारी मी रत्नागिरीच्या कोर्टात निकाह मोडायचा दावा लावतेय.”